छोट्या स्टुलावरचं जेवण: व्हिएतनाममध्ये रस्त्याकडेला पहिल्यांदा खाताना

हनोईत पहिल्याच दिवशी दुपारी अडीच वाजता मी बुन चा, म्हणजे शेवया आणि भाजलेलं मांस, खायला निघाले आणि तीन दुकानांतून उपाशी परतले. पहिल्या दुकानात शेगडीवर पाणी मारून झालेलं. दुसऱ्यात बाई बाहेर नळावर टोपं घासत बसल्या होत्या. तिसऱ्यात मालक एका स्टुलावर बसून, दुसऱ्यावर पाय टाकून मोबाइल बघत होता. त्याला विचारलं, "मेनू?" त्यानं मान न उचलता बोट वर केलं. वर पाटी होती. पदार्थाचं नाव, घराचा नंबर, दुकानाची वेळ. संपला मेनू.

ती पाटी नीट वाचायला मला पुढच्या दोन खेपा लागल्या. तिथलं रस्त्याकडेचं दुकान, म्हणजे क्वान, बहुधा एकच पदार्थ करतं, ठरलेल्या वेळातच करतं, आणि पदार्थावरचा शेवटचा हात तुमच्यासाठी सोडून देतं. म्हणून तिथं काय मागवायचं हा प्रश्न फारसा उरतच नाही. कुठं बसायचं, किती वाजता बसायचं आणि पुढ्यात आलेल्या वाडग्याचं काय करायचं, एवढंच शिकायचं असतं. सहलीच्या कंपनीबरोबर गेलात तर रोज रात्री भारतीय हॉटेलात पनीर आणि नान ठरलेलं असतं. त्यातून एखादी सकाळ चुकवून बाहेर पडणार असाल तर हे तुमच्यासाठी.

निघण्याआधी घड्याळ बघा

कोल्हापुरात किंवा पुण्यात चांगल्या मिसळवाल्याचा रस्सा संपला की तो दुपारीच शटर ओढतो. व्हिएतनाममधलं रस्त्यावरचं खाणं जवळजवळ सगळंच असं चालतं. फो, म्हणजे तांदळाच्या पट्ट्यांचा रस्सेदार वाडगा, हा मुळात सकाळचा पदार्थ. सहा-साडेसहाला दुकानं भरतात आणि दहा वाजता जायचं तर तळाचं जे असेल ते. चिकट भात, म्हणजे 'सोय', आणि बान्ह कुओनसुद्धा सकाळीच. बान्ह कुओन म्हणजे ताणलेल्या कापडावर वाफवलेली तांदळाची पातळ चादर, आत मशरूम आणि खिमा. दिसायला सुरळीच्या वडीची थोरली बहीण. बुन चा हनोईचं दुपारचं जेवण, साधारण अकरा ते दोन. गोगलगायी, शिंपल्या आणि बिअर संध्याकाळी. दक्षिणेत सायगॉनमध्ये, म्हणजे हो चि मिन्ह सिटीत, वेळा जरा सैल असतात, तिथलं कम ताम (कणीचा भात) सकाळपासून रात्रीपर्यंत कुठं ना कुठं मिळतंच.

मे २०१६ मध्ये बराक ओबामा आणि टीव्हीवर खाद्यभ्रमंती करणारा शेफ अँथनी बोर्डेन हनोईतल्या ले व्हान हू रस्त्यावर बुन चा खायला बसले ते रात्री. दोघांचं मिळून बिल ६ डॉलर झालं आणि ते बोर्डेननं भरलं. ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवलंय. तेव्हा रात्रीचं बुन चा मिळतं, नाही असं नाही, पण गल्लीतली कोळशावर पंखा मारणारी बाई तुमच्यासाठी रात्रीपर्यंत थांबेल असं धरून चालू नका.

तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं. त्या आठवड्यात घरगुती दुकानं बंद असतात. तिकीट काढताना ही तारीख बघितली नाही तर शहर सुंदर दिसेल आणि पोट रिकामं राहील.

खिशात रोख पैसे हवेत. स्थानिक लोक क्यूआर कोडवर पैसे देतात, पण ते त्यांच्या बँकखात्यांवरून. फिरस्त्यांसाठी नोटाच बऱ्या. पाटीवर '५० के' लिहिलं असेल तर ते ५०,००० डोंग. हिशेबाची माझी युक्ती अशी: शेवटची तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं. ५० हजारांचा फो म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. दर वर-खाली होतो, तेव्हा हा अंदाजच धरा.

पाटी वाचता येते, घाबरू नका

व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहितात, वर-खाली चिन्हांची नक्षी घालून. नक्षीमुळे सूर बदलतो आणि सुरामुळे अर्थ बदलतो. उत्तरेत असे सहा सूर आहेत. बोलायला ती अवघड आहेच, पण पाटी वाचण्यापुरती मुळीच नाही, कारण पाटीवर दोनच गोष्टी असतात: पिठाचा किंवा भाताचा प्रकार, आणि प्राणी.

आधी पिठं. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या पट्ट्या आणि त्यांचा रस्सेदार वाडगा. उच्चार 'फो' नाही. 'फक्त'मधला फ लांबवायचा आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर न्यायचा. बुन म्हणजे तांदळाच्या गोल शेवया. आपल्या कोकणातल्या शिरवाळ्या खाल्लेल्या माणसाला बुन ओळखीचं वाटतं, फक्त इथं नारळाचा रस नाही. एम-आय हे 'मी', म्हणजे गव्हाच्या शेवया. कम म्हणजे भात. आणि बान्ह म्हणजे पिठाचं काहीही: पाव, केक, धिरडं, वाफवलेली वडी, सगळं बान्ह. बान्ह मी म्हणजे 'गव्हाचं बान्ह', अर्थात पाव. आपल्याला पाव पोर्तुगीजांनी दिला, त्यांना फ्रेंचांनी. आत भरायच्या पातेचं (वाटलेल्या मांसाच्या लेपाचं) आणि लोण्याचं नावसुद्धा त्यांनी फ्रेंचमधूनच घेतलंय.

आता प्राणी. हा भाग नीट पाठ करा, कारण इथं चूक झाली तर ती ताटात येते. बी-ओ हे बो, म्हणजे गाय-बैल. जी-ए हे गा, म्हणजे कोंबडी. एच-इ-ओ हे हेओ, म्हणजे डुक्कर, पण हा दक्षिणेतला शब्द; उत्तरेत त्यालाच एल-ओ-एन लिहितात. सी-ए हे का, म्हणजे मासा. तोम म्हणजे कोळंबी, कुआ म्हणजे खेकडा, ओक म्हणजे गोगलगाय, व्हित म्हणजे बदक. हनोईत कुत्र्याचं मांस विकणारी वेगळी दुकानं आहेत, पण त्यांच्या पाटीवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. चुकून ते ताटात येण्याची भीती बाळगू नका.

गोमांस खात नसाल तर 'फो गा' म्हणून चालेल, पण त्याला एक अट. काही दुकानांत बो आणि गा दोन्ही मिळतं, आणि तिथं रश्श्याची टोपं खरंच वेगळी आहेत का हे विचारण्याइतकी भाषा आपल्याकडे नसते. पाटीवर नुसतं 'फो गा' लिहिलेलं, काचेमागे उकडलेल्या पिवळ्याधमक कोंबड्या टांगलेल्या असं दुकान शोधा. हनोईत अशी भरपूर आहेत.

दुकान निवडताना एकच बघा: स्टुलांवर स्थानिक माणसं बसलेली आहेत का आणि ती भराभर उठताहेत का. गिऱ्हाईक फिरतं तिथं पाला ताजा असतो, रस्सा उकळता असतो. चित्रांचा, चार भाषांतला, साठ पदार्थांचा लॅमिनेट केलेला मेनू हातात घेऊन कुणी तुम्हाला रस्त्यावरून आत बोलावत असेल तर पुढं चला. जून २०२३ पासून हनोई आणि सायगॉनसाठी मिशलिन गाइड निघतं. त्यातली काही दुकानं साधीच, रस्त्याकडेची आहेत. चव उत्तम असते आणि रांगेत सगळे तुमच्यासारखेच असतात. एकदा जायला हरकत नाही.

बसा, आणि नातं जोडून हाक मारा

स्टूल आपल्या न्हाणीघरातल्या स्टुलाएवढं. टेबल त्याहून वीतभर उंच. पाटावर मांडी घालून जेवलेल्या पिढीला याचं काही वाटत नाही; त्रास होतो तो उंच आणि जीन्सवाल्यांना. गुडघे दुखत असतील तर एकावर एक दोन स्टुलं ठेवून बसा. तिथले आजोबाही तेच करतात. गर्दी असेल तर अनोळखी माणसांच्या टेबलाशी बसवतात, त्यात संकोच नको.

काही ठिकाणी आधी दारातच सांगायचं असतं. हनोईच्या बात दान रस्त्यावरच्या प्रसिद्ध फोच्या दुकानात रांग लावायची, पैसे द्यायचे, आणि आपला वाडगा आपणच उचलून जागा शोधायची. बाकी बहुतेक ठिकाणी बसलं की कुणीतरी बोटांनी 'किती?' विचारतं. तुम्हीही बोटं दाखवा. पदार्थ एकच असल्यामुळे पुढचं बोलणं लागत नाही.

हाक मारायची वेळ आली की मात्र मजा आहे. व्हिएतनामी भाषेत सगळ्यांना सरसकट चालेल असा 'तुम्ही' रोजच्या बोलण्यात नाही. समोरच्याचं वय बघून नातं ठरवायचं आणि त्यापुढे 'ओय' लावायचं. आपल्यापेक्षा मोठा पुरुष आन्ह, म्हणजे दादा. मोठी बाई ची, म्हणजे ताई. लहान असेल तर मुलगा असो की मुलगी, एम. आईच्या वयाच्या बाई को, शब्दशः आत्या. वडिलांपेक्षा जरा लहान गृहस्थ चू, काका. रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त अंदाज चुकवू नये. मी पन्नाशीच्या एका बाईंना 'बा ओय' म्हटलं. बा म्हणजे आजी. त्यांनी हातातला डाव तसाच वर धरून शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि सगळं दुकान हसलं. वाडगा मला मिळाला, पण बाकी सगळ्यांना देऊन झाल्यावर. तेव्हापासून शंका आली की मी एक पायरी खाली उतरते. तुम्हाला कुणी पहिल्याच भेटीत वय विचारलं तर राग मानू नका. तुम्हाला कोण म्हणायचं ते ठरत नसतं.

शाकाहारी असाल तर

माझी नणंद शाकाहारी, त्यामुळे हा धडा मी सविस्तर शिकले. 'मांस नको' एवढं सांगून तिथं भागत नाही. मांस काढतात, पण रस्सा हाडांचाच असतो, वर सुक्या कोळंबीची भुरभुर असते आणि सगळ्यात नुओक माम असतं. नुओक माम म्हणजे मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवलेल्या छोट्या मासळीचं पाणी. आपल्याकडे मीठ जितक्या ठिकाणी पडतं तितक्या ठिकाणी तिथं ते पडतं. करणाऱ्या बाईंच्या मनात कपट नसतं; नुओक माम हे मांस आहे असं त्यांना वाटतच नाही.

म्हणून शब्द एकच धरा: चय. स्पेलिंग सी-एच-ए-वाय, वर-खाली कुठलंही चिन्ह नाही, सूर सपाट. 'तोय अन चय', म्हणजे मी चय खाते. हा बौद्ध परंपरेतला शब्द आहे. त्यात मांस, मासळी, नुओक माम सगळं वर्ज्य, आणि कडक पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला याहून जास्त काय समजावणार! अंडं मात्र काही ठिकाणी चालवतात, तेव्हा ते वेगळं विचारा. अंडं म्हणजे चुंग.

इथंच एक खड्डा आहे. सी-ए-वाय, म्हणजे 'कय', याचा अर्थ तिखट. मधला एक एच गळला की शाकाहारीऐवजी तिखट जेवण येतं. सूर खाली दाबून 'चय' म्हटलं तर त्याचा अर्थ 'पळणे'. त्यामुळे बोलण्यावर विसंबू नका. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाकडून मोबाइलवर चार ओळी व्हिएतनामीत लिहून घ्या: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, नुओक माम नाही, हाडांचा रस्सा नाही. दुकानात ते दाखवा. आम्ही तेच केलं. एका ठिकाणी बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि हात हलवून 'नाही' म्हटलं, मग आमच्या नणंदबाईंना दंडाला धरून दोन दुकानं पलीकडे नेऊन बसवलं.

'चय' पाटीवर असलेली क्वान प्रत्येक शहरात असतात, देवळांच्या, म्हणजे तिथल्या पॅगोडांच्या आसपास जास्त. चांद्र महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस, आपल्या हिशेबानं अमावास्येच्या पाठोपाठ आणि पौर्णिमेला, तिथले पुष्कळ लोक चय खातात. त्या दिवशी ही दुकानं ओसंडतात, एरवीच्या काही दुकानांतही चय पदार्थ निघतात. आपलं कॅलेंडर बघून बेत ठरवा. मेनूवर कोंबडी, बदक, मासा अशी नावं दिसली तरी दचकू नका. सोया, गहू आणि मशरूमचं नकली मांस असतं. नणंदेला ते इतकं हुबेहूब लागलं की तिनं खाल्लं नाही. त्यापेक्षा टोफू मागवा (उत्तरेत दाऊ फू, दक्षिणेत दाऊ हू), किंवा मशरूम, म्हणजे नम.

साध्या दुकानात शाकाहाऱ्यांसाठी सर्वांत सोपं म्हणजे बान्ह मी. पावात अंड्याची पोळी, काकडी, कोथिंबीर, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. अंडं खात असाल तर पाते नको एवढंच सांगायचं: 'खोंग पाते'. खोंग म्हणजे नाही, आणि तो शब्द दिवसातून वीस वेळा लागतो. सोय सेओ नावाचा पिवळा चिकट भात, वर मुगाच्या डाळीचा गोळा किसलेला आणि तळलेला कांदा, हा दिसतो शाकाहारी. पण त्यावर चमचाभर चरबी ओतायची पद्धत आहे, तेव्हा ती हाताच्या खुणेनं थांबवा.

वाडगा पुढं आला की

पेपर नॅपकिननं चमचा आणि काड्या (चॉपस्टिक्स) पुसून घ्या. सगळेच पुसतात, दुकानदाराला त्यात अपमान वाटत नाही. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचून ठेवू नका. मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं आणि म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. काड्या जमत नसतील तर चमचा असतोच.

फो समोर आला की आधी काहीही न घालता नुसता रस्सा दोन चमचे प्या. तो रात्रभर हाडं उकळून केलेला असतो, आणि आल्यागेल्या बाटलीतलं सगळं त्यात पिळलं तर त्या रात्रीचा उपयोग काय? मग लिंबू, मग मिरची. हनोईत लसूण घातलेलं व्हिनेगर ठेवतात, ते लिंबाऐवजी घालून बघा. मला तेच आवडतं. बरोबर क्वाय नावाच्या, पिठाच्या तळलेल्या लांबट कांड्या मिळतात, त्या रश्श्यात बुडवून. वर फक्त कांद्याची पात. पाल्याची परडी मागितलीत तर हनोईकर तुमच्याकडे, पुण्यात मिसळीबरोबर चपाती मागितल्यासारखं बघेल.

सायगॉनमध्ये उलट. तिथं फोबरोबर मोडाची परडी, तुळशीच्या जातीचा पाला, करवतीच्या पात्यासारखी लांब पानांची कोथिंबीर, काळा गोडसर सॉस आणि लाल मिरचीचा सॉस असा सगळा लवाजमा येतो. फो मुळात उत्तरेतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत उतरले आणि त्यांच्याबरोबर फोही उतरला. दक्षिणेत पाला मुबलक, जिभेला गोड आवडतं. तसा तो बदलला. खरा कुठला, यावर तिथं तासन्‌तास भांडता येतं. आपण दोन्ही खावेत. काळा सॉस वाडग्यात न ओतता छोट्या बशीत घ्या आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवा, म्हणजे रस्सा शाबूत राहतो.

बुन चाचं तंत्र वेगळं. एका वाडग्यात कोमट, आंबटगोड, पाणी घातलेलं नुओक माम, त्यात कच्च्या पपईच्या किंवा नवलकोलाच्या चकत्या आणि कोळशावर भाजलेले डुकराच्या मांसाचे तुकडे पोहत असतात. वेगळ्या ताटलीत गार बुन. तिसऱ्यात पाला. पहिल्यांदा बसलेला माणूस सगळं बुन वाडग्यात उलटं करतो आणि मग त्याच्याकडे शेवयांचा लगदा उरतो. घासापुरतं बुन काडीनं उचला, वाडग्यात बुडवा, थोडा पाला तोडून टाका, एक तुकडा धरा, खा. पुन्हा तेच. शेवटपर्यंत गार शेवई आणि गरम मांस असा फरक लागत राहायला हवा.

बान्ह सेओ तर आपलंच. तांदळाचं पीठ, हळद, दक्षिणेत नारळाचं दूधही, आणि तव्यावर पडताना होणारा आवाज म्हणजे सेओ, आपला चर्र. धिरडंच ते, आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड. पण धिरड्यासारखं तोडून चटणीबरोबर खायचं नाही. तळहातावर लेट्यूसचं किंवा मोहरीचं मोठं पान घ्यायचं, त्यावर धिरड्याचा तुकडा, वर तीन-चार प्रकारचा पाला, विड्यासारखं गुंडाळायचं, वाटीत बुडवायचं. हातानं! काड्यांशी दोन दिवस झगडून झाल्यावर हा पदार्थ मागवा. दक्षिणेतल्या वुंग ताऊ या किनाऱ्यावरच्या शहराकडचं बान्ह खोत तर आप्पेपात्रासारख्याच साच्यात होतं, वर एकेक कोळंबी.

त्या पाल्याच्या परडीत सगळं ओळखीचं नसतं. तुळशीसारखा, पुदिन्यासारखा वास येणारे ठीक. हृदयाच्या आकाराचं एक हिरवं पान असतं, दिएप का. त्याला कच्च्या मासळीचा वास येतो. पहिल्यांदा कोपरा चावून बघा. केळफुलाची बारीक कापलेली चिवटसर गुलाबी चकती दिसली तर ती कच्चीच खायची. आणि राऊ मुओंग नावाची पोकळ देठाची, लसणावर परतलेली भाजी म्हणजे आपली नाळीची भाजी. परदेशात आठवडा झाल्यावर तिची एक ताटली पुढं आली की बरं वाटतं.

बुन दाऊ माम तोम मुद्दाम शेवटी ठेवलंय. तळलेला टोफू, बुनच्या वड्या, आणि वाटीत जांभळट रंगाचा कोळंबीचा आंबवलेला लगदा. तो लिंबू-साखर घालून फेस येईपर्यंत फेटायचा असतो. सुकटीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी या गल्लीत शिरूही नये. मालवणी-कोळी घरातल्यांनी जरूर शिरावं.

खाणावळ

हे सगळं नकोसं झालं, नुसता भात हवा, की 'कम बिन्ह झन' अशी पाटी शोधा. अर्थ साधारण 'सामान्यांचा भात', आपली खाणावळ. काचेमागे वीसेक पातेली-परातींत भाज्या, टोफू, मासे, अंडी मांडलेली. बोट दाखवायचं, ताटलीत पडतं, सूप बरोबर येतं. बोट दाखवून झाल्यावर किंमत तिथंच विचारा, कारण मासा आणि पालेभाजी यांचा दर एक नसतो. नवख्या माणसानं पहिलं जेवण इथं करावं असं माझं मत आहे. निदान काय खातोय ते दिसतं. आंबट सूप, कान्ह चुआ, मिळालं तर सोडू नका. चिंच, अननस, भेंडी, अळूच्या जातीचे स्पंजासारखे देठ आणि मासा.

सायगॉनमधलं कम ताम याच्याच जवळचं. ताम म्हणजे तुकडा, तांदळाची कणी. सडताना तुटलेला, विकला न जाणारा तांदूळ शेतकऱ्याच्या घरी राहायचा, त्याचाच भात, शेजारी आता कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि तळलेलं अंडं. कणीची पेज प्यायलेल्या आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता की त्यासाठी लोक रांग लावतात.

पाणी, बर्फ, चहा

पाणी बाटलीतलं. बर्फाचं एवढं मनावर घेऊ नका. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातून येतो. लादी फोडून केलेला चुरा असेल तर टाळा. गार चहाला हनोईत 'चा दा' म्हणतात, आणि हो, हा चा तोच आपला चा. त्याला दूध-साखर नसते, किंमत नाममात्र असते, काही ठिकाणी फुकट असतो.

उसाचा रस, नुओक मिया, जागोजागी. आपल्याकडे आलं-लिंबू घालतात, ते कुमक्वात नावाचं बोराएवढं लिंबू उसाबरोबरच चरकात घालतात. सालीचा कडवट वास रसात उतरतो. मला आवडला. कॉफी कडक, रोबस्टा बियांची, तळाशी कंडेन्स्ड दूध. ढवळायच्या आधी एक घोट घेतलात तर डोळे उघडतील. गोड काही हवं तर चे: मूग, शेंगा, जेली, नारळाचं दूध. गोव्याकडच्यांना मणगण्याची आठवण येईल, फक्त यात बर्फ असतो.

पैसे देताना

'एम ओय, तिन्ह तिएन' म्हणजे 'हिशेब करा'. तळहातावर लिहिल्याची खूण केली तरी चालतं. टेबलावर केळी, उकडलेली अंडी, केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या मांडून ठेवलेल्या असतात. त्या फुकट नाहीत, पण खाल्ल्या तेवढ्याच मोजतात. प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या ओल्या नॅपकिनचेही दोन-तीन हजार डोंग लागतात. फोडला नाहीत तर नाही. यावरून वाद घालू नका, सात-दहा रुपयांचा मामला असतो. टिप द्यायची पद्धत नाही.

नोटा मात्र उजेडात बघून द्या. २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळी. संध्याकाळी उसाच्या गाडीवर मी २० हजार म्हणून दुसरीच निळी नोट दिली आणि चालू लागले. पन्नास पावलांवर रसवाली धापा टाकत मागे आली, नोटेवरची शून्यं एकेक करून बोटानं दाखवली, माझ्याकडची खरी वीसची काढून घेतली आणि पाच हजार परत दिले. तेव्हापासून ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवते आणि रस्त्यावर फक्त सुटे नेते.

उठताना आपलं स्टूल टेबलाखाली सरकवा. मागून फुटपाथवरूनच स्कूटर येत असते.